काडतुसातील गोळी आणि एक मिलिमीटर

अमेरिकेत काडतुसे घरच्या घरी भरण्याचा छंद असलेले पुष्कळ लोक आहेत. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते फेकून देत नाहीत. ती साफ करून, यंत्रात दाबून पुन्हा मूळ मापाची करतात, तिच्यात नवी दारू मोजून घालतात आणि तोंडाशी नवी गोळी बसवतात. कोणाला पैसे वाचवायचे असतात, तर कोणाला नेमबाजीच्या सामन्यासाठी एकसारखी एक काडतुसे हवी असतात.

अशा दोन अनुभवी छांदिष्टांना एकच प्रश्न विचारला असे समजा : "गोळी ठरल्यापेक्षा एक मिलिमीटर खोल बसली तर काय होईल?" पहिला दचकून म्हणेल, "दाब भयंकर वाढेल. ते काडतूस उडवू नका!" दुसरा शांतपणे म्हणेल, "फारसे काही नाही. दाब कदाचित थोडा कमीही होईल. खरा धोका गोळी बाहेर ठेवण्यात असतो." उत्तरे एकमेकांच्या अगदी उलट, आणि तरीही दोघांचेही म्हणणे खरे! हे कसे, ते समजायला नववी-दहावीतील भौतिकी पुरेशी आहे.

त्याआधी एक स्पष्ट सूचना. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. कोठे जुने काडतूस सापडले तर ते उघडून पाहण्याचा मोह कोणीही करू नये; ते जेथे आहे तेथेच राहू द्यावे आणि वडीलधाऱ्यांमार्फत पोलिसांना कळवावे. या लेखातील सारे प्रयोग कागद-पेन्सिलीने करायचे आहेत.

पुंगळीत काय असते?

काडतुसाचे भाग चार. पहिला भाग म्हणजे पितळेची पुंगळी. या पितळेत शंभर भागांत सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. पुंगळीच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यावर घोड्याची टोचणी आपटली की ठिणगी पडते. पोटात दारू असते आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी असते.

ही दारू म्हणजे दिवाळीच्या फटाक्यांतील काळी दारू नव्हे. फ्रान्समधील रसायनतज्ज्ञ पॉल व्येय यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली. आजची रायफलची दारू त्याच कुळातील आहे. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो, त्यामुळे बंद पुंगळीतही ती खुशाल जळते. शिवाय ती सुरुंगाच्या स्फोटकासारखी एका क्षणात फुटत नाही. तिचे दाणे बाहेरून आत, थराथराने जळत जातात. एखादी खडीसाखर चघळताना चहूकडून झिजत जाते ना, तसे.

दाण्यांच्या जळण्यातून हजारो अंश तापमानाचे वायू निघतात. त्यांना जायला वाट नसते. पुंगळीच्या भिंती मागे पोलादाला टेकलेल्या, बूड मागच्या खिटीला टेकलेले. हलू शकते ती फक्त गोळी. म्हणून दाब गोळीला पुढे ढकलतो.

हा दाब किती असतो? अमेरिकेत फार प्रचारात असलेले 'थर्टी-ओ-सिक्स' नावाचे रायफलचे काडतूस घेऊ. नावातील 'सिक्स' म्हणजे १९०६, अमेरिकन लष्कराने ते स्वीकारले ते वर्ष. त्यातील सुमारे ९.७ ग्रॅम वजनाची गोळी ६१ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून सेकंदाला सुमारे ८८० मीटर वेगाने बाहेर पडते. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे त्वरणाचे सूत्र तुम्हांला माहीत आहे. आकडे घालून पाहा. त्वरण सेकंद-वर्गाला सुमारे ६,३५,००० मीटर येते! त्याला वस्तुमानाने गुणले की बल सुमारे ६,१५० न्यूटन. गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर, म्हणजे तिच्या काटछेदाचे क्षेत्रफळ ०.४८ चौरस सेंटिमीटर. बलाला क्षेत्रफळाने भागले की दाब सुमारे १,२७० वातावरणे इतका येतो. घर्षण आपण धरलेच नाही, ते सोडून द्या.

पण ही झाली सरासरी. दाब नळीभर सारखा नसतो. गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकली असते तेवढ्यात तो शिगेला पोचतो आणि पुढे उतरत जातो. या काडतुसासाठी अमेरिकेतील उत्पादकांच्या संस्थेने ठरवलेली उच्चतम दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,०८० वातावरणे आहे. पॅसिफिक महासागरातील सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी पाण्याचा दाब सुमारे १,१०० वातावरणे असतो. त्याच्या जवळजवळ चौपट दाब, तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर! मागच्या खिटीवर त्या क्षणी तीन-साडेतीन टनांचा रेटा बसतो. हा सारा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो.

चक्रवाढ व्याज

आता महत्त्वाचा मुद्दा. दारूचा जळण्याचा वेग ठरावीक नसतो. तो भोवतालच्या दाबावर अवलंबून असतो. हा संबंध व्येय यांनीच दाखवून दिला. दाब वाढला की दाण्यांची झीज जलद होते. बंदुकीतील दाबांना हे नाते जवळजवळ समप्रमाणाचे असते, म्हणजे दाब दुप्पट झाला तर जळण्याचा वेगही दुपटीच्या जवळ जातो.

याचा परिणाम काय होईल ते पाहा. वायू निघाला की दाब वाढतो. दाब वाढला की दारू जलद जळते. जलद जळली की आणखी वायू निघतो, आणि दाब आणखी वाढतो. तुम्ही गणितात चक्रवाढ व्याज शिकला असाल. व्याज मुदलात मिळते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते. येथे अगदी तेच चालले आहे. फरक एवढाच की सावकाराची मुदत वर्षाची, तर येथे सेकंदाच्या लाखाव्या भागांची.

या व्याजाला लगाम घालणारी एकच गोष्ट आहे : गोळीचे पुढे सरकणे. गोळी पुढे गेली की मागची जागा वाढते आणि दाब खाली येऊ पाहतो. वायू तयार होण्याचा वेग आणि जागा वाढण्याचा वेग यांची ही शर्यत आहे. शिगेचा दाब किती होणार ते या शर्यतीच्या अगदी सुरुवातीला ठरते.

सुरुवातीला दोन गोष्टी निर्णायक असतात. एक, वायूला आरंभी किती जागा मिळाली? दुसरी, गोळी किती सहज निघाली? गोळी खोल किंवा उथळ बसवण्याने या दोन्ही गोष्टी बदलतात, पण विरुद्ध दिशांना! आपल्या दोन छांदिष्टांच्या भांडणाचे मूळ येथे आहे.

जागेचा हिशेब

पहिली गोष्ट जागेची. गोळी जितकी खोल जाईल तितकी ती दारूच्या मागची-पुढची मोकळी जागा अडवील. किती? गोळीचा काटछेद गुणिले खोली.

'थर्टी-ओ-सिक्स'च्या पुंगळीत काठोकाठ पाणी भरले तर सुमारे ४.४ घन सेंटिमीटर मावते. गोळी बसल्यावर खाली सुमारे चार घन सेंटिमीटर जागा उरते. गोळी एक मिलिमीटर आणखी खोल ढकलली तर ती ०.४८ × ०.१ म्हणजे ०.०४८ घन सेंटिमीटर जागा खाईल. हे प्रमाण शेकडा सव्वा झाले. नगण्य म्हणता येणार नाही, पण मोठेही नाही.

आता ९ मिलिमीटर पॅराबेलम हे पिस्तुलाचे काडतूस घ्या. जर्मनीतील गेओर्ग लुगर यांनी ते १९०२ च्या सुमारास पुढे आणले आणि आज जगभर ते वापरले जाते. त्याची पुंगळी इतकी आखूड की तिच्यात काठोकाठ जेमतेम ०.८६ घन सेंटिमीटर पाणी मावते. गोळी बसल्यावर साधारण ०.५५ घन सेंटिमीटर जागा उरते. गोळी मात्र अधिक जाड, काटछेद ०.६४ चौरस सेंटिमीटर. तोच एक मिलिमीटर येथे ०.०६४ घन सेंटिमीटर जागा खातो. म्हणजे शेकडा बारा!

बॉइलचा नियम लावला तर आकारमान बारा टक्क्यांनी घटले की दाब साडेतेरा टक्क्यांनी वाढेल. पण बॉइलचा नियम ठरावीक वायूसाठी आहे, आणि येथे वायू सतत तयार होत असतो. वाढलेला आरंभीचा दाब हे वाढलेले मुद्दल समजा; त्यावरचे चक्रवाढ व्याज शिगेच्या दाबाला कोठल्या कोठे नेते. शिवाय त्या ०.५५ घन सेंटिमीटरमध्येही दाण्यांनी जागा व्यापलेली असते, तेव्हा वायूला मिळणारी खरी मोकळी जागा आणखी कमी. पिस्तुलाची काडतुसे भरणारा छांदिष्ट का दचकला, ते आता कळले असेल.

दाराला खांदा

दुसरी गोष्ट निघण्याची. रायफलच्या नळीच्या आतील बाजूस पिळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला भोवऱ्यासारखी गती मिळते आणि ती हवेत डळमळत नाही. दोन खाचांमध्ये उंचवटे असतात. आपल्या काडतुसाच्या रायफलमध्ये समोरासमोरच्या उंचवट्यांतील अंतर ७.६२ मिलिमीटर असते, आणि गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर. ('सेव्हन-सिक्स-टू' हा रायफलच्या संदर्भात वारंवार ऐकू येणारा आकडा असा आला आहे.) याचा अर्थ, गोळीला पुढे जायचे तर उंचवट्यांनी तिच्या अंगात घरे पाडलीच पाहिजेत. त्यासाठी मोठे बल लागते.

काडतूस नळीच्या मागच्या घरात बसल्यावर गोळी आणि त्या उंचवट्यांची सुरुवात यांच्यामध्ये सहसा थोडे अंतर असते. पुंगळीची पकड सोडवायला थोडा दाब पुरतो. गोळी सुटते, ते अंतर धावत जाते, आणि वेगासह उंचवट्यांवर आदळते. घट्ट बसलेले दार उघडताना आपण काय करतो? दाराला खांदा टेकवून रेटण्यापेक्षा दोन पावले मागून धावत येऊन धडक देतो. गोळीलाही ती दोन पावले मिळाली की तिचा संवेग घरे पाडण्याच्या कामी येतो. दरम्यान मागची जागाही वाढलेली असते.

गोळी फार बाहेर ठेवली, इतकी की काडतूस घरात बसताच ती उंचवट्यांना टेकली, तर हे धावणे बंद. गोळी जागच्या जागी अडून राहते. मागे दारू जळतच असते, दाब चढतच असतो, आणि घरे पाडण्याइतका दाब साचेपर्यंत गोळी हलत नाही. लगाम उशिरा बसतो आणि तोवर व्याज चढलेले असते. शिगेचा दाब त्यामुळे स्पष्टपणे वाढतो.

रायफलच्या मोठ्या पुंगळीत एका मिलिमीटरने जागेत सव्वा टक्क्याचा फरक पडतो, पण धावण्याचे अंतर एक-दोन मिलिमीटरच असेल तर त्यात निम्मा किंवा पुरा फरक पडतो. म्हणून तेथे दुसरी गोष्ट पहिलीवर मात करते. पिस्तुलात पहिली गोष्ट जिंकते. दोन छांदिष्ट एकाच नियमाची दोन टोके सांगत होते. तरीही रायफलवाल्याने "खोल बसवणे निर्धोक" असा सोपा अर्थ काढू नये. फार खोल गेलेली गोळी दारूच दाबू लागते, आणि पुंगळीच्या मानेत तिचा आधार वाकडा झाला तर नेमही बिघडतो.

दाब कसा मोजतात?

हजारो वातावरणांचा आणि क्षणार्धात नाहीसा होणारा दाब मोजायचा कसा? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन अधिकारी टॉमस रॉडमन यांनी तोफेच्या दाबाने तांब्यात पाते रुतवून त्या खुणेच्या लांबीवरून दाब काढला. पुढे इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबल यांनी १८६० नंतरच्या दशकात अधिक सुटसुटीत युक्ती वापरली. नळीला भोक पाडून त्यात एक दट्ट्या बसवायचा, दट्ट्यावर तांब्याचा छोटा दंडगोल ठेवायचा. तोफ उडाली की दंडगोल चेपतो. किती चेपला ते मोजायचे आणि ज्ञात वजनाखाली चेपलेल्या दंडगोलांशी ताडून पाहायचे. किती साधी आणि किती चतुर कल्पना! ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ चालली.

तिच्यात एक खोट होती. तांब्याला चेपायला थोडा वेळ लागतो आणि दाब तेवढा थांबत नाही. त्यामुळे तांबे खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते. 'थर्टी-ओ-सिक्स'ची मर्यादा तांब्याच्या मापात ५०,००० आहे, तर आधुनिक मापात ६०,००० पौंड. काडतूस तेच, दाबही तोच! आधुनिक माप येते ते दाबविजेवर चालणाऱ्या उपकरणातून. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार येतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. असा स्फटिक नळीत बसवला की दाबाचा चढउतार क्षणाक्षणाला आलेखावर उमटतो.

घरी काडतुसे भरणाऱ्याजवळ सहसा असे उपकरण नसते. पुष्कळ जण उडालेल्या पुंगळीवरून अंदाज बांधतात. टोपी चपटी झाली का, खिटी उघडायला जड गेली का, बुडावर चकाकणारा ठसा उमटला का? मला ही सवय धोक्याची वाटते. पितळ वाहू लागले, म्हणजे त्याची ताणसहत्वाची मर्यादा आधीच ओलांडली गेली. ही लक्षणे धोक्याची पूर्वसूचना देत नाहीत. धोका होऊन गेल्याची बातमी देतात.

म्हणून शहाणा छांदिष्ट दारूच्या आणि गोळ्यांच्या उत्पादकांनी छापलेल्या कोष्टकांबाहेर जात नाही. ती कोष्टके दाबमापक बसवलेल्या नळीत प्रत्यक्ष उडवून तयार केलेली असतात. प्रत्येक ओळीत पुंगळी, टोपी, दारू, गोळी यांचे नाव असते आणि काडतुसाची एकूण लांबीही दिलेली असते. ही लांबी नुसते माप नव्हे, ती प्रयोगाची अट आहे. शाळेच्या प्रयोगवहीत आपण 'तापमान स्थिर' असे लिहितो ना, तशी. अट बदलली की निष्कर्ष आपला राहत नाही. मग कोष्टकातील सर्वांत कमी दारूपासून पुन्हा पहिल्यापासून जावे लागते.

मोजायचे कोठून कोठे?

लांबी मोजणे सोपे वाटते. व्हर्निअर कॅलिपरच्या जबड्यात काडतूस धरले की झाले! 'थर्टी-ओ-सिक्स'ची कमाल लांबी ८४.८४ मिलिमीटर आहे. पण गोळीचे टोक फसवे असते. शिकारीच्या गोळ्यांना मऊ शिशाचे टोक असते आणि ते डबीत आपटूनही चेपते. शिवाय एका गोळीचे नाक निमुळते, दुसरीचे बोथट. दोन काडतुसांची टोकापर्यंतची लांबी सारखी असली, तरी उंचवट्यांना प्रथम टेकणारा गोळीचा भाग वेगवेगळ्या जागी असू शकतो.

टेकणार आहे तो नाकाच्या वळणावरचा भाग, जेथे व्यास उंचवट्यांतील अंतराएवढा होतो. म्हणून जाणकार त्या व्यासाचे भोक असलेला छोटा धातूचा तुकडा गोळीच्या नाकावर बसवतात आणि तेथपासून पुंगळीच्या बुडापर्यंत मोजतात. शाळेतील कॅलिपर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो. त्यांचा कॅलिपर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागापर्यंत.

इतके करूनही गोळी बसवलेल्या जागी राहील याची खात्री नसते, आणि यात न्यूटनचा पहिला नियम मोठ्या मजेशीर रीतीने डोकावतो. रिव्हॉल्व्हर उडाले की ते झटक्याने मागे येते. उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या त्याच्याबरोबर मागे खेचल्या जातात, पण जड गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. म्हणजे पकड ढिली असेल तर गोळ्या हळूहळू बाहेर येतात. रायफलच्या खजिन्यात नेमके उलट होते. तेथे सबंध काडतूसच मोकळे असते. रायफल मागे आली की खजिन्याची पुढची भिंत गोळीच्या नाकावर आदळते आणि गोळी आत सरकू शकते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात काडतूस खजिन्यातून वर चढताना गोळीचे नाक उतारावर आपटते. तेच काडतूस पुन्हा पुन्हा भरले आणि काढले तर ती दर वेळी थोडी थोडी आत जाते, आणि आपण पाहिलेच आहे की त्या आखूड पुंगळीत एक मिलिमीटरही फार महाग पडतो. म्हणून पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळून घेतात, आणि वारंवार भरलेले काडतूस मोजून पाहून बाजूला काढतात.

हे सारे मोठ्या प्रमाणावर कसे करतात, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. २०२१ मध्ये तो 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या नव्या सरकारी कंपनीकडे आला. अशा कारखान्यात प्रत्येक खेपेतील नमुन्यांची लांबी, पकड आणि दाब तपासावा लागतो, कारण तेथील काडतूस एका विशिष्ट रायफलसाठी नसते. ते त्या मापाच्या कोणत्याही रायफलमध्ये, नव्या किंवा जुन्या, चालले पाहिजे.

जुन्या रायफलचा मुद्दा राहिलाच. हजारो अंश तापलेले वायू दर बाराला उंचवट्यांची सुरुवात थोडी थोडी खातात. काही हजार बार झाले की ती सुरुवात पुढे सरकलेली असते आणि गोळीचे धावण्याचे अंतर वाढलेले असते. त्यामुळे सामन्यात उतरणारे नेमबाज दर हंगामात आपल्या नळीतील ते अंतर नव्याने मोजतात आणि वहीत तारखेसह टिपून ठेवतात. शेजारच्याची रायफल त्याच कारखान्याची, त्याच नमुन्याची असली तरी त्याच्या वहीतला आकडा आपल्या उपयोगाचा नसतो.